थांब, वाळू दे

जलरंगात लँडस्केप करणाऱ्यांची एक वेगळीच जात असते. आमचे सर त्यातले अस्सल. कापडी टोपी, झोळी, घडीचं स्टूल, आणि रविवारी उजाडायच्या आत मेणवलीच्या घाटावर हजर. पेटीत काळा नाही आणि पांढरा तर नाहीच. कागदाला पैसे मोजलेत, तोच पांढरा, वर आणखी कशाला, हा त्यांचा रोकडा हिशेब. करडा हवा तर अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि सढळ हाताने पाणी.

पहिला वॉश इतका फिका, की येणारा-जाणारा विचारतो, "अजून सुरुवात नाही का?" सरांचं तोवर आकाश झालेलं असतं. मग लांबच्या डोंगराला निळसर पातळ हात. तो वाळला की अलीकडच्या टेकडीला जरा उबदार. झाडं सगळ्यात शेवटी. खालचा रंग वरच्यातून दिसत राहिला तरच चित्रात हवा खेळते म्हणे. मधल्या वेळात चहा. मे महिन्यात कुंचला फिरतो न फिरतो तोच कागद वाळतो. जुलैत चार चहा झाले तरी ओलाच, आणि सर धुक्याच्या नावाने बोटं मोडतात. आलेले असतात धुकंच रंगवायला!

एखादा शिष्य अर्धवट वाळलेल्या वॉशवर पाणी सोडतो आणि आकाशात फुलकोबी उगवते. सर एवढंच म्हणतात, "थांब, वाळू दे."

रागही थराथराने चढतो. हातात दिवा घेतलेल्या त्या प्रसिद्ध बाईला कुणी 'रवि वर्मांचं चित्र' म्हणालं, की पहिला हात सौम्य: "रवि वर्मा 1906 साली गेले." दुसरा जरा गडद: "हे त्यानंतर चाळीसेक वर्षांनी हळदणकरांनी केलं, सावंतवाडीच्या. मुलीला उभं करून." तिसऱ्याला सर स्टुलावरून उठतात. "आणि तैलरंग नव्हे, जलरंग! म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये जा. दिव्याआड धरलेल्या बोटांतून उजेड कसा लाल झिरपतो बघा, मग बोला."

गेल्या दिवाळीत घराला रंग काढला. सरांनी रंगाऱ्याला डिस्टेंपरमध्ये पाणी वाढवायला लावलं, दोन हातांमध्ये दिवसभर थांबवलं. भिंतीवर जुनी ओल, खिळ्यांची भोकं, मुलाने लिहिलेला तेराचा पाढा, सगळं पारदर्शक दिसू लागलं. सर म्हणाले, "वातावरण आलं." वहिनींनी सरांना दूध आणायला पाठवलं आणि तिसरा हात स्वतः उभं राहून मारून घेतला. घट्ट.