काकांचं थापटणं

परंपरेने दिलेली सालं खरी धरली, तर तेरच्या गोरोबाकाका कुंभारांचा जन्म इ.स. 1267चा आणि नामदेवांचा 1270चा. म्हणजे सगळा संतमेळा ज्यांना 'काका' म्हणायचा, ते नामदेवांपेक्षा अवघ्या तीन वर्षांनी मोठे. ज्ञानेश्वरांनी 1296 साली समाधी घेतली, तेव्हा काकांची तिशीही उलटली नव्हती. आमच्या चर्चच्या तरुण संघात पन्नाशीचे सभासद आहेत; त्यांना हा हिशेब पचायचा नाही. पण वडीलपण जन्मदाखल्यावर ठरत नाही, हे तेरने सातशे वर्षांपूर्वीच निकालात काढलंय.

मी ख्रिस्ती माणूस. नोकरी सगळी धाराशिव जिल्ह्यात झाली, त्यामुळे तेरणाकाठचं हे गाव पायाखालचं. गोरोबांच्या देवळात गेलो की मंडळी जरा चमकून बघतात. पण आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊनही तुकोबांना विसरले नाहीत. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मी वाटेत कुंभारवाड्यात थोडा थांबलो, तर काय बिघडलं?

थापटण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गोरोबांकडे संत जमले होते. तिथे पडलेलं थापटणं बघून मुक्ताईने विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं, ते बघायला. मग आमचंही बघा की! काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत निघाले. बाकीच्यांनी मुकाट्याने सोसलं. नामदेवांना मात्र लागलं, आणि रागही आला. निकाल तिथेच लागला : हे मडकं कच्चं.

साठी ओलांडली की प्रत्येकाच्या हाती असं एक थापटणं आपोआप येतं. रविवारची उपासना सुटली की आम्ही निवृत्त मंडळी आवारातल्या बाकावर बसतो आणि कामाला लागतो. पाळकसाहेब प्रवचनात फार हसवतात : कच्चे. तरुण संघाने गिटार आणली : कच्चा. अमक्याच्या सुनेला अख्खं स्तोत्र पाठ म्हणता येत नाही : फारच कच्ची. आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत, असं आम्ही बजावून सांगतो. आमच्यातल्या निम्म्यांचे केस काळेभोर आहेत, आणि तो काळेपणा दर पंधरवड्याला पुडीतून येतो, ही गोष्ट वेगळी.

एकमेकांच्या डोक्यावर मात्र आम्ही ठोकत नाही. कोण कुठे गळतंय, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पवित्र शास्त्रात उपदेशकाचा बारावा अध्याय वाचला, की हा गृहस्थ आमच्याच बाकावर बसून गेला असावा असं वाटतं. दळणाऱ्या थोड्या उरतात, म्हणजे दात. खिडकीतून बघणाऱ्या अंधुक होतात, म्हणजे डोळे. पाखराच्या आवाजाने जाग येते, चढण दिसली की धास्ती वाटते, आणि शेवटी झऱ्यापाशी घागर फुटते. मधुमेह तेवढा लिहायचा राहिला.

कुंभाराचं काम जवळून बघितलं, की एक गोष्ट लक्षात येते. थापटणं एकटं कधी चालत नाही. ओल्या मडक्याच्या आत कुंभाराचा दुसरा हात गोळा धरून असतो. बाहेरून जितका मार, तितका आतून आधार. तो हात काढला तर मडकं घडत नाही, चेपतं. आम्ही बाकावरचे सगळे एकहाती कुंभार.

आमच्याकडे एक आजी गीत म्हणताना सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे असतात. आवाज खणखणीत, त्यामुळे गीत संपल्यावरही थोडं शिल्लक राहतं. आम्ही माना वळवून बघायचो. एका रविवारी गिटार संघातली एक मुलगी त्यांच्याशेजारी जाऊन बसली, पुस्तक मध्ये धरलं आणि ओळीखालून बोट सरकवत त्यांच्या चालीने गायला लागली. आता अर्धी ओळ मागे दोघी असतात. थापटणं आमच्या हाती आणि आतला गोळा त्या पोरीच्या हाती, अशी ही वाटणी.

आणि थापटणाऱ्या काकांचं तरी काय? विठ्ठलाच्या नादात माती तुडवताना पोटचं लेकरू त्यांच्या पायाखाली आलं, अशी कथा आहे. इतकं मोठं चुकलेल्या माणसाला संतांनी वडीलकीचा मान दिला. कोणी त्यांचं मडकं वाजवून बघितलं नाही.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळची मातीची भांडी आहेत. हे गाव तेव्हा तगर होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव येतं, इथला माल गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जाई. त्याच शतकात पौल करिंथकरांना लिहीत होता, की आपली ठेव मातीच्या भांड्यांत आहे. काचेमागची ही भांडी पक्की भाजलेली, म्हणून टिकली. पण त्यांत कोणी पाणी भरत नाही. ओल्या मातीतला आणि भाजलेल्या मडक्यातला फरक यिर्मया संदेष्ट्याने दोन अध्यायांत सांगितलाय : अठराव्यात चाकावर बिघडलेल्या भांड्याच्या मातीतून कुंभार दुसरं घडवतो, एकोणिसाव्यात भाजलेलं मडकं फुटतं, ते पुन्हा सांधत नाही.

कच्चे ठरलेले नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. परंपरेप्रमाणे ते ऐंशी वर्षं जगले, 1350पर्यंत. पार पंजाबात गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. येशूच्या शिष्याचं, पेत्राचंही तसंच. कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणारा हा कच्चा गडी. मेंढरं राखायला प्रभूने त्यालाच सांगितलं. वर हेही सांगितलं, की म्हातारा झालास म्हणजे तुझी कंबर दुसरा कोणी बांधील.

माझ्या बुटाची नाडी हल्ली नातू बांधतो. पहिल्यांदा त्याची गाठ सुटली तेव्हा 'कच्चा आहेस' हे अगदी जिभेवर आलं होतं. पण वाकता मला येत नव्हतं आणि वाकला तो होता. अशा वेळी परीक्षा घेणाऱ्याने गप्प राहून पाय पुढे करावा, एवढं शहाणपण मला सत्तरीत आलंय. म्हणजे माती अजून ओली असावी.