नकाशेबुवा

नदीकाठी गेल्यावर माणसं पाण्याकडे बघतात, नकाशेबुवा लॅपटॉपकडे बघतात. जरा पाय सोडून बसा म्हटलं, तर म्हणतात, "थांबा, आधी आपण कुठल्या पिक्सेलमध्ये आहोत ते बघू." पिक्सेल तीस मीटरचा. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या 'एन्डेव्हर' यानातल्या रडारने पृथ्वीचे चढउतार मोजले; त्या आकड्यांवरून नकाशेबुवा पुण्यात पंख्याखाली बसून सह्याद्रीतल्या नद्या काढतात. मोरीत पाणी तुंबलं की वहिनी प्लंबरला फोन करतात, हे मोरीचा पाणलोट आखायला घेतात.

नदीच्या तीर्थमाहात्म्यात त्यांना रस नाही. वधूपिता "मुलगा काय करतो?" विचारतो त्याच सुरात ते विचारतात, "नदी काय करते?" एखादी माशांना अंडी घालायला खडीचा तळ देते, एखादी भूजल भरते, एखादी पूर पसरायला जागा देते. जसं काम, तसा रंग. त्यातही श्रेणी आहेच: दोन पहिल्या श्रेणीचे ओढे मिळाले की दुसरी श्रेणी, पण दुसरीला कितीही पहिल्या येऊन मिळाल्या, तरी तिला बढती नाही. स्ट्रॅलरसाहेबांचा हा नियम १९५२ चा. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला तो लगेच पटतो.

एकदा भीमेकाठी एका भोईदादांनी बोट दाखवलं, "साहेब, हितं डोह हाय. उन्हाळ्यात समदं मासं हितंच." नकाशात डोह नव्हता. कसा असेल? रडारला पाण्याचा तळ दिसत नाही. त्यात भर म्हणजे, प्रवाह काढण्याआधी सॉफ्टवेअर जमिनीतला प्रत्येक खड्डा चूक समजून काठोकाठ भरून टाकतं, म्हणजे पाणी मध्येच अडत नाही. उजनीसारख्या सपाट जलाशयावर तर ते फूटपट्टीने आखल्यासारखे समांतर प्रवाह काढतं. नकाशेबुवा थोडा वेळ गप्प राहिले. मग 'उन्हाळी आसरा' असा नवा वर्ग उघडून जांभळा ठिपका दिला आणि पुढचे डोह भोईदादांना विचारत चालले. माझ्या मते त्या नकाशातला तेवढाच भाग शंभर टक्के खरा.

आता त्यांना एकच शब्द सहन होत नाही, 'नाला'. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात सापडलेल्या माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली, हे ते ऐकवतात आणि विचारतात, "ते कुंडही नाला म्हणून बुजवलं असतं तर?"

पाटबंधारेवाल्यांना नदीत टीएमसी दिसतात, बिल्डरला रिव्हर व्ह्यू. ती काम काय करते, हे विचारणारा आमच्या ओळखीत हा एकच इसम आहे. तुमच्याकडचा एखादा ओढा स्लॅबखाली जायच्या बेतात असेल, तर त्यांना जरूर बोलवा. चहा द्या, चार्जिंगला प्लग द्या. आणि शेजारी एखादा भोई बसवायला विसरू नका.