थुंकीची वंशावळ

नळीत थुंकायचं, पाकीट पाठवायचं, आपण किती टक्के आयरिश ते कळतं म्हणे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मूळ शोधायला नळीच नको. आडनावातच मालवणजवळचं वराड गाव. डिसेंबर २०१९ मध्ये ते तिथे जाऊनही आले.

आम्हा नगरकरांनी मात्र जपून थुंकावं. शहर वसवलं अहमद निजामशहानं, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. फरिश्त्याच्या बखरीत त्याचा बाप मूळचा तिमाभट ब्राह्मण, घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. पुढे अहमदचा मुलगा बुऱ्हाण त्या वडिलोपार्जित पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशहाशी भांडला. जानेवारी २०२० मध्ये पुन्हा पाथरीवरूनच वाद, साईबाबांचं जन्मस्थान म्हणून. आणि निषेधात बंद राहिली शिर्डी!

त्यात १८०३ च्या ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला घेणारा इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली जन्मानं डब्लिनचा. त्याच्या फौजेनं मागे काय काय ठेवलं, कोण सांगणार?

आमचे मामा शहाण्णव कुळी. थुंकीच्या अहवालानं शहाण्णव टक्क्यांपर्यंत साथ दिलीही असती, पण उरलेल्या चारांचं काय? स्थळं बघणं चालू आहे. मामा म्हणाले, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांची वही बरी. दक्षिणा दिली की नावं वाचतात, टक्के नाही.