बुडत्या कंपनीतला शिष्टाचार

हिंजवडीतल्या एका अडचणीतल्या कंपनीने काटकसरीचा आदर्श घालून दिला आहे. चहासोबतची बिस्किटं बंद, एसी दुपारनंतर, आणि दर सोमवारी ‘आपण एक कुटुंब’ ही सभा. अशा कुटुंबातून आपणहून निघणं म्हणजे कृतघ्नपणाच. शिवाय तोटा. कायद्याने कामगार ठरणाऱ्याला कपातीत काढलं, तर सेवेच्या वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो. राजीनामा दिला की त्या बाबतीत ठणठण गोपाळ. तेव्हा शहाण्याने ‘मला काढावे’ असा रीतसर अर्ज करावा. सोबत आळशीपणाचे दाखले जोडावेत (साहेबांच्या सहीचे; झेरॉक्स चालणार नाही). अर्ज एचआर प्रमुखांकडे द्यायचे होते. त्यांनी कालच राजीनामा दिला. नोटीस पिरियड माफ. निरोप समारंभाची वर्गणी प्रत्येकी ५०० रुपये, पगारातून कापून घेतली जाईल.