'काही दुखत नाही' यांस अनावृत पत्र

रा. रा. 'काही दुखत नाही' यांस, सा. न. वि. वि.

लसीकरणाचे सत्र असो की रक्त तपासण्याची लॅब, सुईआधी आपण हजर. कधी आजीच्या तोंडून, कधी सिस्टरच्या. आपल्या घराण्याला एके काळी खुद्द वैद्यकशास्त्राचा आश्रय होता. नवजात बाळांना वेदना कळतच नाहीत, या समजुतीवर १९८०च्या दशकापर्यंत अपुऱ्या भुलेत त्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. १९८७ साली डॉ. कंवलजीत आनंद आणि डॉ. हिकी यांच्या लेखाने त्या समजुतीला हादरा दिला. राहिला आपला हुकमी एक्का, 'लहान आहे, विसरेल'. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात सुंता झालेली बाळे चार-सहा महिन्यांच्या लशीला इतरांपेक्षा जास्त कळवळली. सुंतेआधी बधिर करणारे मलम लावलेली त्या मानाने कमी. आठवण नसेल, पण अंगाने हिशेब ठेवला होता.

मुळात आपण नक्की कोणाचे सांत्वन करता? दीड महिन्याच्या बाळाला आपली भाषा कळत नाही, आणि पाच वर्षांच्या बूस्टरला आलेले मूल आपल्याला क्षणात खोटे पाडते. उरतात मोठी माणसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लशीच्या वेदनेबद्दल शिफारशी केल्या, त्यांत खोटा दिलासा देऊ नये असे बजावले आहे. (आपला इतका जागतिक सत्कार क्वचितच झाला असेल.) बाकी शिफारशी बिनपैशाच्या: तान्ह्याला टोचताना अंगावर पाजावे, आडवे दाबून न धरता आईने कवेत घ्यावे, एकाच वेळी अनेक लशी असतील तर सर्वांत झोंबणारी शेवटी द्यावी, आणि सुई आत गेल्यावर रक्त येते का हे पाहायला दट्ट्या मागे ओढू नये, कारण मांडीत आणि दंडात लशीच्या जागी मोठ्या रक्तवाहिन्या नसतात.

बाहेर रांग लागली आहे, एवढे लाड कोण करणार, असे आपण म्हणाल. मलमाला तासभर लागतो, तेव्हा गर्दीच्या सत्रात ते जमणे कठीण, हे कबूल. पण दट्ट्या न ओढल्याने वेळ वाचतोच, आणि पाजत्या आईला खाटेवरून उठवण्याची घाई कोणाला असते, तर आपल्यालाच. खरे सांगितले तर मूल जास्त बिचकेल, ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणून 'खूप दुखेल' असेही सांगायचे नाही. 'आता टोचते हं' एवढे पुरे, मग त्याला फुंकर मारायला लावावी. तरीही ते रडले, तर 'मुलगा असून रडतोस?' या आपल्या मेहुण्यांना आत पाठवू नये.

कळावे, लोभ नसावा.