ओळख पटवणाऱ्या वकीलसाहेबांना

माननीय वकीलसाहेब,

सावली तालुक्यातल्या एका कास्तकाराचा सविनय नमस्कार.

पहिले आभार फोटोबद्दल. विक्रीपत्रावरच्या फोटोत मान खाली घालून बसलेली म्हातारी आमची काकू नव्हे. काकूच्या डाव्या कानाची पाळी दागिन्याच्या वजनाने फाटलेली आहे. त्या बाईचे दोन्ही कान धड आहेत. तरी ‘मी यांना ओळखतो’ म्हणून खाली सही कोणाची? साक्षात आपली! एवढी जुनी ओळख आपण मनात जपलीत, आणि काकूने आपल्याला जन्मात पाहिलेले नाही.

त्या दिवशी रोवणी होती. काकू बांधीत गुडघाभर चिखलात वाकलेली, आणि त्याच वेळी दुय्यम निबंधकांसमोर तिचा अंगठाही उठत होता. असा चमत्कार आमच्या गावात आजवर झाला नव्हता.

शेत आदिवासीचे असते, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा अडसर तरी होता. काकूच्या जमिनीला तोही नाही. तिच्या आणि दलालाच्या मध्ये उभा राहू शकेल असा शिकलेला माणूस एकच होता, तो म्हणजे आपण. सर्च रिपोर्टमध्ये ‘मालकी निर्वेध’ लिहून आपण वाट मोकळी करून दिलीत. फेरफारही झाला. काकूला कळले ते पीककर्जाला सातबारा काढला तेव्हा.

आम्ही आपल्याकडे आलो, तर आपण चहा पाजलात. उपकार आहेत. ‘पक्षकाराने सांगितले ते मी लिहिले’ म्हणालात आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा के. नारायण राव खटला ऐकवलात. हैदराबादेत विजया बँकेच्या गृहकर्जांत सीबीआयने पॅनेलवरच्या वकिलाला आरोपी केले होते. नुसता अभिप्राय चुकला म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही, कटात सामील असल्याचा पुरावा हवा, असे न्यायालय म्हणाले. ते योग्यच झाले. प्रामाणिक वकिलाला हे संरक्षण हवेच, नाहीतर गरिबाचे कागद तपासायला कोणी धजणार नाही. पण साहेब, त्या वकिलाने परक्या बाईला मालकीण म्हणून निबंधकांसमोर बसवले नव्हते.

निकाल सांगताना नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ८२ तेवढे सांगायचे राहून गेले. दुसऱ्याच्या नावाने दस्त करून देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद, आणि त्याला मदत करणाऱ्यालाही तेवढीच. भारतीय न्याय संहितेचे कलम ३३८ तर मौल्यवान दस्ताच्या बनावटीला जन्मठेपेपर्यंत जाते. घाईत राहिले असेल.

‘दिवाणी दावा लावा’ हा सल्ला आपण फुकट दिलात, त्याचेही आभार. काकू सत्तरीपुढची आहे. पेशीवर पेशी पडत राहील, आणि तिच्याच धुऱ्यावर तिला ‘कब्जा कोणाचा’ म्हणून विचारले जाईल. तिने काय विकले होते, की तिने सिद्ध करावे?

दलालाचे नाव विचारले, तर पक्षकाराचे गुपित म्हणालात. हा धर्म आपण पाळता, हे ऐकून बरे वाटले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये हे गुपित जपायला सांगितले आहे, आणि बेकायदेशीर कामासाठी झालेले बोलणे त्यातून वगळलेलेही तिथेच आहे. आपल्या कपाटात ते पुस्तक काचेमागे दिसले होते.

आम्ही ठाण्यात तक्रार दिली आहे, त्यात दलालाच्या खालोखाल आपले नाव आहे. सनदेबाबत महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडेही अर्ज गेला आहे. आगाऊ कळवलेले बरे.

आता हात जोडून एकच मागणे. आपणहून ठाण्यात जा. त्या म्हातारीला कोणी आणले, अंगठ्याचे तिच्या हातावर किती टेकवले आणि आपल्या वाट्याला किती आले, हे बयानात लिहून द्या. तीही कुणाची तरी काकूच असेल. नवे ‘मालक’ ट्रॅक्टर घेऊन येणार, असे गावात बोलले जाते. काकूला यंदाही पऱ्हे टाकायचे आहेत. त्याआधी आपले बयान झाले, तर फार उपकार होतील.

कळावे,
आपण न ओळखलेल्या काकूचा पुतण्या