शिळ्या कढीला ऊत आणण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

अन्न उरतं याचं मूळ कारण एक मूठ. तांदूळ मोजून झाले की त्यात ‘कुणी आलं-गेलं तर’ म्हणून आणखी एक मूठ टाकायची, ही आपली जुनी रीत. आमच्याकडे ती मूठ आईची, आणि आईचा हात सढळ. येणारा येत नाही, मूठ मात्र शिजते आणि रात्री साडेनऊला पातेल्याच्या तळाशी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसते. प्रस्तुत मार्गदर्शन तिच्या पुनर्वसनासाठी आहे.

आधी मुदतीचं. सदर पदार्थ आचेवरून उतरल्यापासून दोन तासांत फ्रीजमध्ये दाखल व्हावा. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा टापू जंतूंच्या वाढीला भलताच मानवतो, आणि आपला ओटा बरोबर त्याच टापूत येतो. हवा 32 अंशांच्या वर असेल तर मुदत एकच तास. म्हणजे मे महिन्यात नागपूरकरांनी पानावरून उठताउठताच डबा शोधायला घ्यावा.

इथे घरातून हरकत येते : गरम गरम फ्रीजमध्ये ठेवू नये. मान्य. पण ‘निवू दे जरा’ म्हणून ठेवलेली आमटी थेट सकाळी दूधवाल्याच्या बेलबरोबर आठवते, आणि ती नारळाची असेल तर तोवर तिने स्वतःचा निकाल लावलेला असतो. तोडगा सोपा आहे. परातीत गार पाणी घ्यावं, त्यात पातेलं ठेवून ढवळावं. भात ताटात पसरावा. वाफ जिरली की पसरट डब्यात भरून झाकण लावावं.

डब्याची निवड हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. दोन चमचे भेंडीची भाजी तीन लिटरच्या पातेल्यात तशीच ठेवून वर ताटली, ताटलीवर दह्याचं भांडं आणि त्यावर अर्धा लिंबू, असा मनोरा रचणारी माणसं मी पाहिली आहेत. (त्यांपैकी एक मी.) डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी. घरचे हसतील, हसू द्यावं. तिसऱ्या दिवसानंतर डब्यातली उसळ कोणत्या वाराची यावर मतदान घ्यावं लागत नाही. आमटी-भाजी तीन दिवस चालेल. भात दुसऱ्याच दिवशी संपवावा.

यानंतर येते नाकाची चाचणी. डबा उघडून बाबांच्या नाकाखाली धरला जातो आणि ते ‘चालतंय की’ म्हणतात. नाकाला आंबूस वास कळतो, तार सुटलेलं डोळ्यांना दिसतं, पण बॅसिलस सीरियस नावाचा जीवाणू कोणालाही न कळवता येतो. त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ती रुजतात, आणि मग तयार होणारं विष पुन्हा तापवून जात नाही. वरून लसणीची कितीही खमंग फोडणी घाला, तिने त्या रात्रीचं प्रायश्चित्त होत नाही.

आता ऊत. मराठी भाषेने या कृतीला उगाच बदनाम करून ठेवलं आहे. वेळेत फ्रीजमध्ये गेलेल्या कढीला ऊत आणणं हेच योग्य. पदार्थ आतपर्यंत किमान 75 अंश तापायला हवा. कढी मोठ्या आचेवर फाटते, म्हणून मंद आचेवर ढवळत राहावं. मायक्रोवेव्ह कडेला चटका देतो आणि मध्ये बर्फ ठेवतो, तेव्हा अर्ध्यात थांबवून हलवावं. भातावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावं. आणि ऊत एकदाच. लागेल तेवढंच काढून तापवावं. तीच आमटी तिसऱ्यांदा उकळणं ही काटकसर नव्हे, हट्ट आहे.

नामकरणाकडेही लक्ष द्यावं. ‘शिळं’ म्हटलं की मुलं पान सोडून उठतात. ‘कालचं’ म्हटलं तर नाक मुरडतात. वरण कणकेत मळून पराठे केले, उसळीवर फरसाण टाकलं, भाजी थालीपिठात घातली, की तीच मुलं आणखी मागतात. पोळ्यांचा कुस्करा तर ताज्या पोळ्यांपेक्षा लवकर संपतो. फोडणीच्या भाताला गार भातच हवा : रात्रीत त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि शितं सुटी राहतात. ताज्या भाताचा गोळा होतो. हे एकदा आईला समजावून सांगितलं, तर तिने दुसऱ्या दिवसापासून दोन मुठी टाकायला सुरुवात केली.

शेवटी रीतसर मोजमाप करून तिला पटवलं. महिनाभर पातेलं चाटूनपुसून स्वच्छ. परवा रात्री नऊला बेल वाजली. आत्या, तिचे यजमान आणि दोन नातवंडं. आईने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि कुकर लावायला उठली.